बारावं तिकीट

सेकंड शिफ्टची एक नंबरची कॅसेट माझ्याकडे होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळात मी ते सगळ्यांना सांगत असे, कुणी विचारलं नसलं तरी.

सेकंड शिफ्ट म्हणजे आमच्या भिलाईतल्या चार पोरांचा बँड. साल एकोणीसशे नव्वद. विष्णु गायचा आणि गिटार वाजवायचा. बाकीच्या तिघांत एक बंगाली, एक मल्याळी आणि ड्रमवर एक सरदार. दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत, आपली आपण लिहायची, हिंदीत, एवढाच त्यांचा हट्ट. तालीम विष्णुच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत व्हायची, आणि तीही ज्या आठवड्यात त्याच्या वडिलांची स्टील प्लांटमध्ये दुपारी दोनची पाळी, म्हणजे सेकंड शिफ्ट, असेल त्याच आठवड्यात. वडील घरात असताना ड्रमला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बँडचं नाव त्यावरूनच पडलं.

आमचं क्वार्टर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. पहिली दोन वर्षं त्यांना ऐकणारी मी एकटी. बाबांनी घेतलेल्या दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर मी त्यांची तालीम भरून घेतली, आणि मग जो कोरी कॅसेट आणून देईल त्याला कॉपी करून द्यायला लागले. फुकट. प्रत्येक कॅसेटवर बॉलपेनने नंबर आणि घेणाऱ्याचं नाव लिहायचं, ही माझी पद्धत. असं करता करता बारा जणांची टोळी जमली. रविवारी सिविक सेंटरला चहाच्या ठेल्यावर भेटायचं, गाण्यांवरून भांडायचं, एका बिस्किटाच्या पुड्यात बारा जणांनी भागवायचं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर बाकीचे अकरा दवाखान्यात हजर. तेवढी माया मला पुढे सासरी-माहेरी कुठेच मिळाली नाही.

टोळीचे नियम मी केलेले. कॅसेट विकायची नाही. तिकीट जास्त पैशाने विकायचं नाही आणि ब्लॅकचं घ्यायचंही नाही. आमच्यातल्या गुलाबरावने कॅसेटच्या कॉप्या काढून दुर्गच्या बसस्टँडवर पंचवीस-पंचवीस रुपयांना विकल्या, तेव्हा मी त्याला भर ठेल्यावर उभं करून टोळीतून काढलं. तो म्हणाला, चार लोकांनी गाणी ऐकली यात वाईट काय झालं? मी म्हणाले, ज्याला ऐकायचंय तो आमच्याकडे येईल. त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला होता.

मग शीला आली. भिलाई-३ ची, रेल्वे क्वार्टरमधली, कॉलेजात माझ्यापेक्षा दोन वर्षं मागे. तिला टोळीत आणलं मीच. कॅसेट नंबर एकोणीस. सुरुवातीला ती ‘रत्नाताई, रत्नाताई’ करत माझ्या मागे असायची आणि मला ते गोड वाटायचं. पण या मुलीला कान होता. आम्ही सगळे गाण्याची नुसती वाहवा करायचो. ती सांगायची की दुसऱ्या कडव्यात ड्रम उगाच घाई करतो, आणि सरदार मान हलवून म्हणायचा की बरोबर आहे. सहा महिन्यांत ठेल्यावर ‘शीला काय म्हणते?’ असं सुरू झालं. तिला यायला उशीर झाला तर चहा थांबायचा. माझ्यासाठी तो कधी थांबला नव्हता.

माझ्या पोटात दुखायला लागलं. स्पष्टच सांगायचं तर मी जळत होते, आणि आतून जळत असताना तोंडावर हसू ठेवणं हे मोठं कष्टाचं काम आहे. तिची वेणी मला खुपायची, तिची सायकल खुपायची, ती चहा फुंकून प्यायची तेही खुपायचं.

एकदा विष्णुने तिला सहज विचारलं की रेल्वे लाइनीला लागून घर म्हणजे मालगाड्यांच्या आवाजाने जीव जात असेल. तिने चहात बिस्किट बुडवत उत्तर दिलं, “आवाज की तो आदत हो जाती है. गाड़ी रोज मेरे घर के आगे रुकती है, मेरे लिए नहीं रुकती. उसकी आदत नहीं होती.”

विष्णुने कप खाली ठेवला आणि ते वाक्य सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. आता माझं ऐका. मी त्याला वर्षभर आधी एक अख्खी वही दिली होती, माझ्या ओळींची, ऐंशी पानी. ती चाळून तो ‘अच्छा है’ म्हणाला होता. त्यातली एक ओळ कुठल्या गाण्यात आली नाही, वहीही परत आली नाही. आणि हिचं बिस्किट विरघळायच्या आत हिची ओळ पाकिटावर चढली.

त्या वर्षी डिसेंबरात सेकंड शिफ्टचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम ठरला. सिविक सेंटरजवळचा एक हॉल, तीनशे खुर्च्या, तिकीट पंधरा रुपये. त्याआधी रायपूरच्या रेडिओवर त्यांचं एक गाणं लागलं होतं, त्यामुळे कालपर्यंत ज्यांनी नाक मुरडलं तेही आता तिकीट मागत होते. दुर्ग, राजनांदगाव, इंजिनीअरिंग कॉलेज, सगळीकडून पोरं येणार अशी हवा होती. विक्री गुरुवारी दुपारी चारला, एका कॅसेटच्या दुकानात.

आम्ही रांगेची आखणी केली ती प्लांटवाल्यांच्या पोरांनी करावी तशीच. बुधवारी दुपारी चारपासून गुरुवारी दुपारी चारपर्यंत चोवीस तास, दोन-दोन तासांच्या बारा पाळ्या, बारा जण. रांगेत आमचा एकच नंबर, त्या नंबरावर एक माणूस कायम उभा. शाळेच्या वहीचं रजिस्टर केलं. त्यात चार्ज देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. प्लांटमधला सगळ्यात मोठा नियम आमच्या घराघरांत पाठ होता, की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तोच लावला. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी अजून एक नियम लिहिला की तिकिटं कमी पडली तर ज्याची पाळी झाली नाही त्याला तिकीट नाही. सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

रात्रीच्या पाळ्या मुलांनी घेतल्या. माझी अकरावी, दुपारी बारा ते दोन. शीलाची बारावी, दोन ते चार. रांगेत उभी राहिल्यावर मला उमगलं की चारला खिडकी उघडेल तेव्हा खिडकीशी शीला असेल. सेकंड शिफ्टच्या पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं एकोणीस नंबरवाली हातात घेणार आणि एक नंबरवाली घरी जाऊन वरण-भात जेवणार.

शीला पावणेदोनलाच आली. भिलाई-३ पासून सायकल मारत आलेली, कपाळावर घाम. मी तिला म्हणाले, “तू कावून थांबते? मी आहे ना. दोन तासाची तर गोष्ट आहे, जाय घरी.”

ती म्हणाली, “पन माही पाळी आहे ना, ताई. मले उभं राहू द्या.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की आता गर्दी वाढून राहिली, धक्काबुक्की होईल, मी मोठी आहे, माझं ऐक. तिला ते प्रेम वाटलं. ती दहा वेळा थँक्यू म्हणून गेली. बाराव्या पाळीच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं. प्लांटमध्ये एका माणसाने लागोपाठ दोन पाळ्या केल्या की त्याला डबल म्हणतात. मी नावापुढे ‘डबल’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चारला खिडकी उघडली. मला बाराच्या बारा तिकिटं मिळाली, एका ओळीतली, एच एक ते एच बारा. तिथेच पायरीवर बसून मी प्रत्येकाच्या पाठीवर बॉलपेनने नंबर आणि नाव लिहिलं. एकवर अर्थातच मी. बारावर शीला. इथपर्यंत माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. मला फक्त सगळ्यांसमोर तिकिटं वाटायची होती.

संध्याकाळी ठेल्यावर सगळे जमले. मी रजिस्टर उघडणार, तेवढ्यात भैय्याजी आला. भैय्याजी म्हणजे आमच्यातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात मोठ्या मनाचा मुलगा, कुणाचंही भलं झालं की यालाच आनंद. तो तालमीवरून आला होता आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. विष्णुने नवीन गाणं केलंय, म्हणाला. कार्यक्रम त्याच गाण्याने सुरू होणार. पहिली ओळ शीलाची, जशीच्या तशी, गाडी घरासमोर थांबते ती. आणि विष्णु गाण्याआधी माइकवरून तिचं नाव घेणार, तिला उभं करणार.

सगळ्यांनी शीलाला घेरलं. कुणी तिच्या डोक्यावर टपली मारली, कुणी तिच्यासाठी स्पेशल चहा सांगितला. ती लाजून मला चिकटली. माझ्या अंगाला अंग लावून उभी होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

“किती भेटले, ताई?” भैय्याजीने विचारलं.

“अकरा,” मी म्हणाले.

माझा आवाज मला नेहमीसारखाच वाटला. बारावं तिकीट रजिस्टरच्या खाकी कव्हरच्या आत सरकवायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. मग मी पहिलं पान उघडून नियम वाचला, मग पाळ्यांचं पान वाचलं. बाराव्या रकान्यात शीलाची सही नव्हती.

शीला माझ्याकडे पाहायला लागली. तिला वाटलं होतं, मी आता सांगेन की ती आली होती, मीच तिला परत पाठवलं. ती वाट पाहत होती आणि मला ते कळत होतं. मी रजिस्टरच्या कोपऱ्याची घडी सरळ करत बसले.

शेवटी तिने मान खाली घातली. “नियम आहे तर आहे,” म्हणाली. “मी नाही केली पाळी.”

भैय्याजी आपलं तिकीट तिला द्यायला निघाला, पण तिने घेतलं नाही. तिचा स्पेशल चहा तसाच राहिला. तिची सायकल गेली तेव्हा मला वाटलं होतं की आता छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं, साधारण घरी पोचेपर्यंत.

गुरुवार ते रविवार ते तिकीट माझ्या उशीखाली होतं. फाडून टाकायला तीनदा हातात घेतलं. सेकंड शिफ्टच्या पहिल्या कार्यक्रमाचं तिकीट माझ्याने फाडवेना. परत द्यायचं तर सगळ्यांसमोर खोटं कबूल करायचं, ते तर त्याहून नाही. आणि मनातली खरी गोष्ट अशी, की विष्णुने माइकवरून शीलाचं नाव घ्यावं आणि कुणीच उभं राहू नये, हे मला बघायचं होतं. मी ते डोळ्यांसमोर आणायची आणि मला झोप लागायची.

रविवारी कार्यक्रम साडेसहाला होता. सहाला मी पोचले तर गेटबाहेर जत्रा. आत जाणाऱ्यांपेक्षा तिकीट मागणारे जास्त. गुलाबराव मधोमध उभा राहून खुलेआम ब्लॅक करत होता, शंभर-शंभरला. मला पाहून म्हणाला, “या ताई. पहा, किती लोकं आले ऐकाले.” मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याला आपण काढलं ते बरोबरच केलं, असं मी मनात म्हटलं. तेव्हा माझ्या पर्समध्ये शीलाचं तिकीट होतं.

मी स्वतःला समजावलं की एक खुर्ची रिकामी राहणं हा बँडचा अपमान आहे. कुणातरी गरजू माणसाला पंधरा रुपयांत देऊन टाकू, नियमही मोडणार नाही. आजूबाजूला पाहिलं. कॉलेजची पोरं होती, पण ती जाऊन उद्या कुठेतरी बोलतील. एका बाजूला एक वयस्कर गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पायजम्याला सायकलची क्लिप, हातात घडी घातलेली एकच नोट. ते प्रत्येकाला हिंदीत विचारत होते आणि प्रत्येक जण त्यांना गुलाबरावकडे पाठवत होता. गुलाबराव शंभराच्या खाली उतरत नव्हता. असा माणूस आपल्या ओळखीत कुणाला सांगायला जाणार नाही, म्हणून मी त्यांना निवडलं.

मी मराठीत विचारलं तसा त्यांचा चेहरा उजळला. “माह्या पोरीसाठी पाहिजे,” म्हणाले. “तीन दिवस झाले, धड जेवून नाही राहिली. तोंडानं जास्त काही सांगत नाही. मले या गान्यातलं काही समजत नाही बाई, पन तिले पाहून राहवलं नाही. सायकलीपाशी उभी करून आलो तिले.”

मी त्यांचं नाव विचारलं नाही. भिलाईत पोरी काय कमी आहेत, असं म्हटलं मनाशी. पण आज विचार करते, तर वाटतं की मी नाव विचारलं नाही ते मुद्दामच. मी तिकीट काढून दिलं. त्यांनी नोट माझ्या हातात ठेवली, पन्नासची. माझ्याकडे सुटे नव्हते. पर्समध्ये शोधले असते तरी मिळाले नसते, पण मी शोधलेच नाहीत. फुकट दिलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. पन्नास दिल्यावर माणूस काही विचारत नाही. ते हात जोडून लगबगीने गर्दीत गेले.

गुलाबराव सगळं पाहत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, “पहिल्या वक्ताले हात थरथरते, ताई. मंग नाही थरथरत.”

मी आत गेले. एच एक म्हणजे ओळीचं पहिलं टोक, भिंतीला खेटून, पुढे एक खांब आणि खांबाला टांगलेला लाउडस्पीकर. एक नंबरच्या हौसेपायी मी स्वतःला हॉलमधली सगळ्यात वाईट खुर्ची दिली होती. माझ्या पलीकडे दहा जण ओळीने बसले होते, बाराव्या खुर्चीपर्यंत. बारावी रिकामी. त्या खुर्चीकडे पाहून सगळ्यांची तोंडं उतरली होती. मी त्या गृहस्थांची मुलगी कशी असेल याचा विचार करत होते. गजरा घातलेली, मोठ्याने हसणारी कुणीतरी असावी असं मी ठरवलं.

दिवे मंद व्हायच्या जरा आधी शीला आली. तिकडच्या दाराने आत शिरली, खुर्च्यांचे नंबर वाचत वाचत एच बारापाशी थांबली आणि बसली.

मी भिंतीला आणखी खेटले.

भैय्याजी अकरा नंबरवर होता. तो इतका ओरडला की पुढच्या तीन ओळी मागे वळल्या. कसं काय, कुठून मिळालं, कुणी दिलं, असं विचारत त्याने तिच्या हातातून तिकीट काढून घेतलं, उलटं केलं आणि दिव्याकडे धरलं. “अबे, हे तर रत्नाताईचं अक्षर आहे! बारा, शीला!” मग त्याने एका क्षणात सगळं जुळवलं, पण आपल्या मोठ्या मनाच्या मापाने. “ताईनं लपवून ठेवलं होतं! सरप्राइज! हद केली ताईनं!”

तिकीट हातोहात माझ्याकडे यायला लागलं. अकराकडून दहाकडे, दहाकडून नऊकडे. प्रत्येक जण ते उलटं करून माझं अक्षर वाचत होता, माझ्याकडे पाहून हसत होता, पुढे देत होता. कुणीतरी टाळी वाजवली. तीन नंबरवाल्याने दोन नंबरवाल्याच्या खांद्यावरून हात लांबवून माझ्या पाठीत धपाटा घातला. भैय्याजी शीलाला विचारत होता, “कधी दिलं तुले ताईनं?”

शीलाने ओळीवरून माझ्याकडे पाहिलं. मधे दहा जण होते, सगळे हसत होते. तिने एवढंच सांगायचं होतं की हे तिकीट माझ्या बाबांनी पन्नास रुपयांना घेतलं, पिवळ्या ओढणीवाल्या एका बाईकडून. पिवळी ओढणी माझ्या गळ्यात होती. तेवढ्या एका वाक्यावर माझी इतकी वर्षं, माझी टोळी, माझे नियम, सगळं होतं.

“आत्ताच,” ती म्हणाली. “गेटवर दिलं त्यायनं.”

ती खोटं बोलली नाही. तिने फक्त पुढचं सांगितलं नाही. आणि मला वाचवलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं की नाही? मला तिचा इतका हेवा वाटला, जितका आधी कधी वाटला नव्हता. गाणं तिचं, टोळी तिची, आणि आता मोठं मनही तिचंच. माझ्याकडे एक खांब आणि तिचं तिकीट राहिलं.

विष्णुने तिचं नाव घेतलं. ती उभी राहिली. अख्खा हॉल तिच्याकडे पाहत होता आणि ती लाजून बसली तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. मग गाणं सुरू झालं. ते चांगलं होतं हो. तेच तर दुःख. खांबामुळे मला विष्णु दिसत नव्हता, पण शब्दन् शब्द ऐकू येत होता. गाडी घरासमोर थांबते, माझ्यासाठी थांबत नाही. मी माझ्या ऐंशी पानांतली एकेक ओळ आठवून पाहिली. त्यात अशी एकही नव्हती. हे मला त्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी जन्मभर बोलले नसते.

साडेआठला सुटलं. बाहेर पडताना शीला गर्दीतून वाट काढत माझ्याशेजारी आली. चालता चालता खालच्या आवाजात बोलली, मान न वळवता.

“माहं तिकीट द्या.”

मी दिलं. तिने ते नीट घडी करून मुठीत धरलं.

“आनि बाबाचे पस्तीस रुपये देऊन द्या. थे सायकलीपाशी उभे आहेत. त्याईले माहीत नाही तुमी कोन ते. मी नाही सांगतलं.”

मी भैय्याजीकडून पस्तीस रुपये उसने घेतले. कशाला पाहिजेत ते त्याने विचारलंही नाही, उलट पुन्हा एकदा म्हणाला, ताई, तुम्ही कमाल केली.

सायकल स्टँडच्या दिव्याखाली ते गृहस्थ उभे होते. दोन तास तिथेच असावेत. मी नोटा पुढे केल्या तर ओळखून हसले. हे कशाचे, म्हणाले. मी म्हणाले की तेव्हा सुटे नव्हते, तिकीट पंधराचं आहे. ते घेईनात. पोरीनं ऐकलं ना, बस झालं, असं म्हणत राहिले. मी बळेच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले.

“असं कोन वापस देते आजकाल?” ते म्हणाले. “नाव काय तुमचं, बाई?”

शीला आमच्याकडे पाठ करून सायकलचं कुलूप काढत होती. कुलूप उघडलं तरी ती वाकलेलीच राहिली. मी खोटं नाव सांगू शकले असते. चार-पाच नावं जिभेवर आलीही.

“रत्नमाला,” मी म्हणाले.

त्यांचे डोळे मोठे झाले. “म्हंजे एक नंबरवाल्या ताई त्या तुमीच का? घरी रोज तुमचंच नाव चालते. ताईनं हे गानं ऐकवलं, ताईनं थे सांगतलं. आताही तीन दिवस उपाशी बसली, तर मी म्हटलं, एवढी तुही ताई आहे तिथं, तिले सांग ना जाऊन. तर म्हने, ताईजवळ असतं तर ताईनं देल्लंच असतं.”

वर्षभर मला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला एकदा तरी असं म्हणावं.

“चला बाबा,” शीला म्हणाली. ती मागच्या कॅरिअरवर बसली, त्यांनी पायडल मारलं आणि वळणावर जाईपर्यंत ते मागे वळून मला हात करत होते. शीलाने मागे पाहिलं नाही. पुढच्या रविवारी ती ठेल्यावर आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिच्यासाठी चहा थांबला होता.